त्सेंगकाकूंची हाक

त्सेंगकाकूंचा आवाज असा, की त्या आपल्या बदकांवर ओरडल्या की डोंगरापलीकडची बदकंसुद्धा मुकाट्यानं घरी जात. माझा टोफू त्यांनी जन्मभर घेतला आणि जन्मभर नावं ठेवली. "मेल्या, हा टोफू आहे की भिंतीचा पोपडा?" असं म्हणत सगळ्यांत मोठी वडी उचलायच्या. नातीसाठी.

नात यालान. मुलगा आणि सून दूर दोंगग्वानच्या कारखान्यात. पोर दूध सुटताच आजीच्या पाठीवर आली, ती तिथंच मोठी झाली. "उतर गं घोडे, कंबर मोडली माझी!" काकू ओरडायच्या, ती उतरू लागली की झोळी आणखी आवळायच्या.

यंदा नववर्षाला मुलगा शिकुई आला आणि शाळेत घालायला तिला शहरात घेऊन गेला. काकू रडल्या नाहीत. बसच्या कंडक्टरशी मात्र कडाकडा भांडल्या.

थोड्याच दिवसांत फोन आला. "आई, यालान जेवत नाही, बोलत नाही. नुसती दाराकडे बघत बसते. डॉक्टर म्हणतात, काही झालेलं नाही."

"काही कसं नाही? तिचा जीव इथंच राहिलाय, माझ्यापाशी!"

आमच्याकडे पोर घाबरलं, की त्याचा जीव वाटेत कुठंतरी अडकतो. मग घरातली म्हातारी तिन्हीसांजेला त्याचा सदरा घेऊन दारात उभी राहते आणि नाव घेऊन 'घरी ये' म्हणून हाक मारते. आतून कुणीतरी 'आली गं' म्हणतं, की जीव परतला.

त्या संध्याकाळी काकू यालानचा जुना सदरा घेऊन दारात आल्या. तोंड उघडलं, ते तसंच राहिलं.

मी म्हटलं, "काकू, मारा की हाक."

"कशी मारू? 'घरी ये' म्हटलं तर ती इथंच येईल ना रे, गाढवा! फोन लाव शिकुईला. ओ तिकडून यायला हवी."

मी फोन लावून धरला. काकूंनी घराकडे पाठ केली, रस्त्याकडे तोंड केलं.

"यालान, जा गं! आईकडे जा! इथं तुझं कुणी नाही. ही म्हातारी दुष्ट आहे. मागं बघू नकोस, यालान, जा!"

डोंगर घुमला. फोनमधून सुनेचा रडवेला आवाज आला, "आली, आई. आली."

दुसऱ्या दिवशी पोर वाटीभर भात जेवली. काकूंनी ते अख्ख्या गावाला ओरडून सांगितलं, फक्त नातीचं नाव न घेता. नाव ऐकून जीव परत वळला तर? तेव्हापासून त्यांच्या तोंडून ते नाव निघालेलंच नाही. फोनवरही 'अगं', 'ए पोरी'.

परवा पोरीनं विचारलंच, "आज्जी, माझं नाव विसरलीस का गं?"

"विसरले गं बाई," काकू म्हणाल्या. "म्हातारी झाले आता."

पलीकडे यालान खदखदून हसत होती.