तुकोजीरावांच्या एकोणीस चुण्या

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात शिंप्यांची दुकानं पुष्कळ आहेत, पण लग्नाच्या बँडवाल्यांना कोट शिवायचे असले की ते तुकोजीरावांकडेच जात. लाल कापड, सोनेरी दोऱ्या, आणि बाहीच्या वर खांद्यापाशी बारीक चुण्या, अशा सारख्या की पट्टी लावून मोजाव्यात. बत्तीस वर्षं त्यांनी हे काम केलं. राहायला ते चामराजपुरममध्ये, आमच्या समोरच्याच घरात. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या राजांच्या घोडदळात होते असं ते सांगत, आणि सांगताना नकळत ताठ बसत. घरी मराठी बोलत, त्यात निम्मं कन्नड. आमच्याही घरी तसंच, त्यामुळे कुणाचं काही अडत नसे.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये एका सकाळी दुकानात कापड बेतताना त्यांच्या हातातली कात्री खाली पडली. उचलायला वाकले, तर हात ऐकेना. त्यांचा पुतण्या रक्षित तिथेच काजं करत बसला होता. त्यानं त्यांना रिक्षात बसवून तडक दवाखान्यात नेलं. पक्षाघाताचा झटका आला होता. वेळेवर पोचल्यामुळे जीव वाचला. बोलणं पंधरा दिवसांत सुधारलं, पाय महिन्याभरात चालू लागला. उजवा हात मात्र मागे राहिला. खांद्यातून हलायचा, कोपरात वाकायचा, पण बोटं वळून बसायची, आणि अंगठा काही केल्या पहिल्या बोटाला जाऊन भेटायचा नाही.

ज्या माणसाचं सगळं आयुष्य त्या दोन बोटांच्या चिमटीत गेलं, त्याला हे कसं सोसावं? दवाखान्यात व्यायाम शिकवणारी मधुमिता नावाची मुलगी मोठी चिकाटीची होती. तिनं त्यांना दाबायला हिरव्या मऊ लगद्याचा गोळा दिला. रोज अर्धा तास दाबा, चिमटे काढा, म्हणाली. तुकोजीरावांनी दोन दिवस केलं आणि गोळा खिडकीत ठेवून दिला. बालवाडीतली पोरं करतात तसलं काम मी करणार नाही, असं त्यांनी अंबुबाईंना सांगितलं. अंबुबाई म्हणजे त्यांची बायको. त्यांनी पुष्कळ समजावलं, मग त्यांनीही तो विषय सोडला.

तुकोजीराव बाहेर बसेनासे झाले. हात उपरण्याखाली असायचा. जेवायला स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून बसायचे. भात अंबुबाई कालवून द्यायच्या आणि ते डाव्या हातात चमचा धरून खायचे. लग्नाचं आमंत्रण आलं की अंबुबाई एकट्या जायच्या. रस्त्यानं वरात चालली आणि बँड वाजू लागला की समोरच्या घराची खिडकी बंद झालेली मी कितीदा पाहिली आहे.

डिसेंबरात त्यांची मुलगी नव्या तीन आठवड्यांच्या रजेवर आली. नव्या नर्स आहे. जपानमधल्या एका लहान गावात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते. वडिलांचं आजारपण तिनं फोनवरच पाहिलं होतं. घरी आल्यावर तिनं त्यांच्याजवळ व्यायामाचा विषय एकदाही काढला नाही. मला ती नंतर म्हणाली की हट्टी म्हातारे सांभाळणं हाच तिचा धंदा आहे, आणि त्यांना सांगितलं की ते करत नाहीत एवढं ती शिकली आहे. पण त्या रविवारी जे घडलं ते तिनं ठरवून केलेलं नव्हतं, हेही तिनं शपथेवर सांगितलं.

तिला नुसती निकुमानची आठवण आली होती. जपानमध्ये थंडीच्या दिवसांत दुकानादुकानांतून हे वाफवलेले बन मिळतात. मैद्याचं पांढरं, मऊ, किंचित गोड आवरण आणि आत खिम्याचं रसरशीत सारण. ड्युटीवरून घरी जाताना ती एक विकत घ्यायची, दोन्ही हातांत धरून आधी हात शेकायची आणि मग खायची. तिकडे आत डुकराचं मांस असतं. हे त्यांच्या घरात चालत नाही, म्हणून तिनं मटणाचा खिमा आणला. खाटकाला सांगून त्यात थोडी चरबी घालून घेतली, नाहीतर सारण कोरडं होतं. कोबी बारीक चिरून, मीठ लावून पिळून घेतला. कांदा, भरपूर आलं, सोया सॉस, तिळाचं तेल. सगळं एकाच दिशेनं चिकट होईपर्यंत फेटून फ्रिजमध्ये ठेवलं. मैदा यीस्ट घालून भिजवला आणि पातेलं गच्चीवर उन्हात झाकून ठेवलं. तासाभरात पीठ दुप्पट फुगलं.

इथपर्यंत ठीक होतं. अडचण आली ती बन मिटताना. पिठाची पारी लाटायची, मध्ये सारण ठेवायचं, आणि कडेनं एकेक चुणी घालत ती वर गोळा करून तोंड बंद करायचं. नव्यानं हे खाल्लं होतं शेकडो वेळा, केलं मात्र कधीच नव्हतं. तिच्या चुण्या एक जाड, एक बारीक, एक वाकडी. पहिले चार बन इडलीपात्रात ठेवले, ते उलगडले आणि सारणाचा रस पाण्यात गेला.

तुकोजीराव स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर बसून पाहत होते. पाचवा बन बिघडताना पाहिल्यावर त्यांना राहवलं नाही.

"चुणी अशी घालतात होय? आधीच्या चुणीवर निम्मी चढली पाहिजे. आणि कापड, म्हणजे ते पीठ, ओढू नकोस. फिरव."

नव्यानं पारी त्यांच्यासमोर धरली आणि म्हणाली, "मला नाही कळत, अप्पा. दाखवा."

तिनं सांगितलेलं मला आजही डोळ्यांपुढे दिसतं. त्यांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग उपरण्याखालून हात बाहेर काढला. पारी डाव्या तळहातावर घेतली आणि उजव्या हाताची बोटं कडेपाशी नेली. अंगठा पोचला नाही. त्यांनी पारी जवळ आणली, मनगट वळवलं, पुन्हा नेला. बराच वेळ गेला. अंबुबाई काहीतरी बोलणार होत्या, नव्यानं त्यांना डोळ्यांनीच थांबवलं. शेवटी अंगठा आणि बोट यांच्यामध्ये पिठाची कड सापडली. एक चुणी पडली. लगेच बोटं थरथरली आणि पारी फाटली.

नव्यानं ती घेतली, पुन्हा गोळा केला, पुन्हा लाटली आणि त्यांच्या हातावर ठेवली. तुकोजीराव त्या पिठाकडे पाहतच राहिले. कापडावर एकदा कात्री चुकली की ते वाया गेलं, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. पिठाचं तसं नव्हतं. ते कितीदाही मोडलं तरी पुन्हा पहिल्यासारखं होत होतं. त्या दुपारी त्यांनी ती एकच पारी अकरा वेळा मोडली. बन झाला नाही. संध्याकाळी मात्र ते आपणहून म्हणाले, "उद्या स्वल्प पीठ जास्त भिजव."

नव्या जानेवारीत परत गेली. जाताना तिनं आईला यीस्टची पाकिटं दिली आणि कृती कागदावर लिहून ठेवली. पण तोवर कागदाची गरज उरली नव्हती. रोज दुपारी जेवणं झाली की तुकोजीराव मैद्याचं पातेलं पुढे ओढून बसायचे. आधी मळणं. तळहाताच्या मनगटाजवळच्या भागानं पीठ पुढे लोटायचं आणि बोटांनी मागे ओढायचं. पहिल्या महिन्यात दहा मिनिटांत ते घामाघूम व्हायचे. त्यानंतर चिमटी. खिमा रोज परवडणार कसा, म्हणून सारणाच्या जागी उकडलेला बटाटा. बिघडलेल्या पिठाच्या अंबुबाई पुऱ्या तळायच्या. फेब्रुवारीत त्या मला म्हणाल्या, "आमच्या घरात आता कुणी पुरीचं नाव काढलं तरी मी बेड म्हणते, नकोच म्हणते."

मधुमिताला हे कळल्यावर ती हिशेब लिहायला लागली. दर पंधरा दिवसांनी एका यंत्रावर चिमटीचा जोर मोजायचा आणि बाजूला चुण्यांचा आकडा. मार्चमध्ये पाच चुण्या आणि तोंड बंद. एप्रिलच्या शेवटी नऊ. मेमध्ये त्यांना ताप आला. पंधरा दिवस अंथरुणात गेले आणि उठले तर बोटं पुन्हा आखडलेली. चुण्या चारवर आल्या. त्या दिवशी त्यांनी पातेलं भिंतीकडे सरकवलं. हे असंच व्हायचं, वर चढायचं आणि घसरायचं, आता पुरे, असं म्हणाले. तीन दिवस त्यांनी पिठाला हात लावला नाही. चौथ्या दिवशी अंबुबाईंनी पीठ भिजवलं आणि स्वतःच बन मिटायला बसल्या. त्यांना ते मुळीच जमत नव्हतं. तुकोजीरावांनी अर्धा तास सोसलं. मग खुर्ची ओढून घेतली.

वाफवण्याचंही शास्त्र त्यांनी असंच एकेक चूक करून जमवलं. झाकणावरचं पाणी ठिबकून बनला डाग पडायचे, म्हणून झाकणाला फडकं बांधलं. उन्हाळ्यात पीठ जास्त वेळ राहिलं की आंबट व्हायचं, म्हणून तो वेळ निम्मा केला. झाल्याझाल्या झाकण उघडलं तर बन बसायचे, सुरकुतायचे. आता ते गॅस बंद करून झाकण जरासं तिरकं ठेवतात आणि भिंतीवरच्या घड्याळात तीन मिनिटं मोजतात. तळाला कागदाऐवजी केळीच्या पानाचा चौकोन. ही शेवटची सुधारणा अंबुबाईंची, आणि ती नव्यालाही पसंत पडली.

ऑगस्टमध्ये सोळा चुण्या झाल्या. नव्यानं त्या बनचा फोटो तिच्या वृद्धाश्रमातल्या एका आजीबाईंना दाखवला. त्या बाई तरुणपणी घरी हे बन करायच्या. त्यांनी फोटो जवळ धरून पाहिला आणि विचारलं की हा माणूस कोणत्या दुकानात काम करतो. हे ऐकून तुकोजीराव दिवसभर घरात गुणगुणत होते.

नोव्हेंबरात अंबुबाई साठ वर्षांच्या झाल्या. तुकोजीरावांनी आधीच जाहीर केलं की त्या दिवशी संध्याकाळी तीस माणसं जेवायला येतील, बन ते करतील, आणि अंबुबाईंनी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. रक्षितनं मदतीला येऊ का विचारलं. त्याला त्यांनी पाहुण्यांना पाणी द्यायचं काम दिलं. मला म्हणाले, मृदुला, तुम्ही मांस खात नाही, तर तुमच्या घरचं इडलीपात्र आणा, तुमचे कोबी-बटाट्याचे बन त्यात वेगळे करतो. मी नेऊन दिलं. स्वयंपाकघरात पाहिलं तर ताटावर ओळीनं बन मांडलेले, ओलं फडकं घातलेलं, आणि तुकोजीराव पुढच्या पारीवर वाकलेले. डावा अंगठा सारण दाबून धरत होता, उजव्याची चिमटी कड गोळा करत होती, बन तळहातावर फिरत होता. माझ्याकडे त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही. शिवणाच्या यंत्रावर बसलेले असताना जसे असायचे, तसेच होते. मी मनात चुण्या मोजल्या. एकोणीस.

सहा वाजता बाहेर माणसं भरली. त्यांच्या नात्यातले, मोहल्ल्यातले, बँडचे दोन म्हातारे वाजंत्रीही आले होते. अंबुबाई नवी साडी नेसून खुर्चीवर बसल्या होत्या आणि हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. तुकोजीराव पहिलं ताट घेऊन बाहेर आले. दोन्ही हातांनी धरलेलं. वाफ येत होती. बन पांढरेशुभ्र, डेरेदार, आणि प्रत्येकावर चुण्या एका दिशेनं वळत जाऊन मधोमध मिटलेल्या. एकही उलगडला नव्हता.  बँडमधला एक म्हातारा वाकून बघत हळूच म्हणाला, "हा तर आमच्या कोटाचा खांदा."

तुकोजीरावांनी एक बन उजव्या हातानं उचलला, दोन बोटांनी उघडला आणि अर्धा अंबुबाईंच्या हातावर ठेवला. पंधरा महिने त्या बाईनं त्यांचा भात कालवला होता. त्यांनी घास घेतला. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांनी सावकाश चावून गिळलं, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मीठ बरोबर आहे."

मग तुकोजीराव त्यांच्या शेजारी, सगळ्यांच्या देखत बसले आणि उरलेला अर्धा त्यांनी उजव्या हातानं खाल्ला. ओठाच्या कडेनं थोडा रस ओघळला, तो त्याच हातानं पुसला. अठ्ठेचाळीस बन होते. सात वाजायच्या आत ताटं रिकामी झाली. माझ्या वाटणीचे चार होते. त्यातला एक मी घरी नेईन म्हणत होते, तो रक्षितनं पळवला. नव्या फोनवर हे सगळं पाहत होती. तिच्याकडे तेव्हा रात्र होती. ती हसतही होती आणि रडतही होती, आणि तुकोजीराव तिला दटावत होते की फोन नीट धर, तुझं कपाळच दिसतंय.

दुसऱ्या आठवड्यात मधुमिता घरी आली. दवाखान्यात हात अधू झालेले बरेच जण येतात, लगद्याचे गोळे त्यांनाही आवडत नाहीत, तर तुकोजीराव शनिवारी येऊन पीठ शिकवतील का, असं तिनं विचारलं. मी काय गुरुजी आहे का, असं म्हणत त्यांनी आधी आढेवेढे घेतले. शनिवारी आठ वाजताच ते इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी रिक्षाची वाट बघत उभे होते, हातात मैद्याची पिशवी.

तिथे अकरा माणसं होती. एक बसचा निवृत्त कंडक्टर, एक वीणा शिकवणाऱ्या बाई, एक तरुण मुलगी, आणि बाकीचे असेच. कुणाचा उजवा हात, कुणाचा डावा. तुकोजीरावांनी प्रत्येकापुढे पिठाचा गोळा ठेवला आणि सांगितलं की फाटला तरी घाबरू नका, पुन्हा लाटू. दोन तासांत सगळ्यांनी मिळून तेवीस बन केले. त्यातले नऊ वाफेत फुटले. सगळे खाल्ले गेले.