अकलोलीत भाजलेला अख्खा कोंबडा

एस.टी.त लोखंडी गज नेता येतो का, हे मी भिवंडी स्टँडच्या चौकशीच्या खिडकीत दोनदा विचारलं. आतल्या माणसाने पेपरातून मान वर न काढता "बसा" म्हटलं. माझं समाधान झालं नाही, पण वज्रेश्वरीची गाडी लागली होती.

नव्वदनंतरची गोष्ट. गज बाबांच्या कारखान्यातल्या मोडीत निघालेल्या लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा. राखेने तीनदा घासला, उकळत्या पाण्याने धुतला, तरी मला तेलाचा वास येतच होता. तो हवा होता कोंबडा भाजायला, आणि कोंबडा भाजायचा होता लतासाठी. लता माझी आतेबहीण, अकलोलीची. दहावी पास झालेली, आमच्याकडे राहून भिवंडीच्या कॉलेजात जायचं म्हणणारी. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, म्हणत होते की शिकलेल्या पोरी चुलीच्या कामाच्या राहत नाहीत. आमच्या घरात शाळेत गेलेली पहिली मीच, तेव्हा त्यांना खोटं पाडायलाही मीच जायचं होतं. पेपरच्या पुरवणीतली 'परसातली अख्खी कोंबडी' ही पाककृती मी वहीत उतरवली आणि निरोप धाडला, रविवारी मी रांधते.

"ताई, कुनाशी भांडान हाय का?" कंडक्टरने गजाकडे बघत विचारलं.

"नाही हो, कोंबड्यासाठी आहे."

मागच्या बाकावर रात्रपाळी करून आलेला लूमवाला जागा झाला. "बहनजी, मुर्गा है या शेर?"

अख्खी गाडी हसली. अंबाडीपर्यंत रस्ता बरा आहे. पुढे प्रत्येक खड्ड्याला मी पुढच्या काकांची माफी मागत होते. जाणार असाल तर सकाळचीच गाडी पकडा. वज्रेश्वरीला उतरून देवीचं दर्शन घ्या, तिथून अकलोली चालत वीसेक मिनिटं. गरम पाण्याच्या कुंडात आधी हात घालून बघा. मी एकदम पाय घातला आणि किंचाळले.

आत्याच्या परसात मामांनी कोंबडा साफ करून ठेवला होता. वहीत लिहिलं होतं, 'मध्यम कोंबडी, पाऊण तास'. हा गावठी, तीन वर्षं अख्ख्या आळीवर दादागिरी केलेला. पेपरातली कोंबडी वेगळ्या जातीची असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दही, आलं-लसूण, लिंबू चोळून मी तो गजावर चढवला आणि घड्याळ लावून दर दहा मिनिटांनी फिरवत बसले. पाऊण तासाने कोंबडा असा तांबूस, चकचकीत झाला की शेजारीही कुंपणाशी आले.

अकरा माणसं पानावर बसली. भाकऱ्यांची चळत आली.

"अन् रस्सा कुठं हाय?" मामांनी विचारलं.

वहीत रस्सा नव्हता.

"बाय, भाकर काय कोरडीच गिलायची?"

घाईघाईने मी तंगडीपाशी सुरी घातली. आत लालभडक. बघितलं फक्त आत्याने. ती कानाशी पुटपुटली, "गप, वरचंवरचं काढून वाढ." लता माझ्याकडे देवीकडे बघावं तशी बघत होती.

मी सुरी खाली ठेवली. "मामा, कोंबडा आतून कच्चा आहे. मी वाढू शकत नाही."

कुणीतरी फिसकन हसलं. आत्याने कोयता घेतला, कोंबड्याचे तुकडे केले, कांदा-खोबऱ्याचं वाटण घातलं आणि टोप चुलीवर चढवला. तीन वाजून गेल्यावर आम्ही जेवलो. धुराचा वास लागलेला तसा रस्सा मी पुन्हा खाल्लेला नाही. मामा तीन वाट्या प्यायले आणि हात धुऊन म्हणाले, "हिला रांधाया येत न्हाय."

मग ते लताकडे वळले.

"लते, पेटी भर."

"अवो, मंग पेटी कशाला?" आत्या म्हणाली.

"वरनं कसा झ्याक दिसत व्हता! वाढला असता तर कुनाला कललं असतं? हिनं स्वताच सांगितलं. पोर ठेवायची तर अशा मानसांत ठेवावी."

संध्याकाळच्या गाडीने लता आणि तिची पत्र्याची पेटी माझ्यासोबत भिवंडीला आली. दारातच आईने विचारलं, "कसा झाला कोंबडा?"

"रस्सा एकदम झ्याक, मामी!" लता म्हणाली.

आई माझ्याकडे अशा कौतुकाने बघायला लागली की मला राहवेना. "आत्याने केला," मी म्हटलं.

लताने कपाळावर हात मारला. "ताई, हितं कोन बगाया व्हता?"

ओढणीतला धूर दोन धुण्यांत गेला. लता मात्र कॉलेज संपेपर्यंत आमच्याकडे राहिली, आणि तेवढ्या वर्षांत तिने मला एकदाही चुलीपाशी एकटं सोडलं नाही.