हातवाले मामा

समोरच्या दारात राहणाऱ्या माणसाबद्दल लिहायला बसलो आणि लक्षात आलं, की मला त्याच्याविषयी फारसं काही माहीतच नाही. तो कुठून आला, किती शिकला, तरुणपणी कसा होता, यातलं काही मला सांगता येणार नाही. आमची ओळख जिन्यातली आणि फाटकातली. गेलेल्या माणसावर त्याच्या जवळच्यांनी लिहावं. मी नुसता समोरचा होतो. तरी जेवढं पाहिलं तेवढं लिहितो. कुणाला जास्त माहीत असेल त्याने खुशाल माझं खोडून काढावं.

तो शहर बससेवेत ड्रायव्हर होता. अंगाने आडवा, आवाज मोठा. आमच्या इमारतीतली मुलं त्याला हातवाले मामा म्हणायची आणि पुढे मोठी माणसंही तेच म्हणू लागली. कारण असं, की रस्त्याच्या कडेला एखादं शाळेचं पोर, एखादी म्हातारी किंवा सायकलवाला ताटकळलेला दिसला की मामा बस थांबवायचा आणि काचेमागून हात हलवून त्याला पुढे काढायचा. मागे हॉर्नचा कालवा झाला तरी ढिम्म. एकदा मी त्याच्याच बसमध्ये होतो. पुढच्या बाकावरचा एकजण वैतागून म्हणाला, "मामा, सगळ्या गावाला रस्ता देत बसणार का? आम्हाला कामावर जायचंय."

"तुम्ही सावलीत बसलाय साहेब, तो उन्हात उभा आहे," मामा म्हणाला. "आणि एवढी घाई होती तर काल निघायचं."

सगळी बस हसली. तो चिडका गृहस्थही हसला.

मी या वयातही सायकल चालवतो, म्हणून माझ्यावर त्याचा विशेष डोळा. एकदा जिन्यात म्हणाला, "काका, मागचा दिवा लागतो का? आमच्या आरशात तुम्ही डासाएवढे दिसता. डासाला निदान आवाज तरी असतो."

"तुमच्या बसचा धूर खाऊन बसला हो आवाज," मी म्हणालो. मला एरवी असं उत्तर वेळेवर सुचत नाही. तो इतक्या जोरात हसला, की काय झालं ते बघायला त्याच्या बायकोने दार उघडलं.

आमच्या इमारतीचं फाटक अगदी वळणावर उघडतं. बाहेरचं काही दिसत नाही. मामाची ड्यूटीवर जायची आणि माझी सायकल काढायची वेळ बहुधा जुळायची. तो पुढे जाऊन रस्त्याच्या कडेला उभा राही, दोन्हीकडे बघे आणि हात हलवून म्हणे, "या काका, मोकळं आहे." मी न बघता निघायचो. त्याचा हात हलला म्हणजे रस्ता मोकळा, इतका तो हात आमच्या सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता.

कोपऱ्यावर इस्त्रीचं दुकान आहे. तेव्हा ते नवरा-बायको मिळून चालवायचे. ती इस्त्री करायची, तो सायकलवरून कपडे पोचवायचा. सायकलच्या कॅरिअरला त्याने उभा दांडा बसवून घेतला होता. त्यावर हँगरला लावलेले कपडे उजव्या अंगाला पडद्यासारखे लोंबायचे. "अख्खी गल्ली टांगून फिरतो मी," असं तो म्हणायचा.

एका सकाळी मामाची बस पुढच्या थांब्यावरून निघत होती. इस्त्रीवाला डावीकडच्या बोळातून बाहेर आला. त्याला पलीकडे जायचं होतं. मामाने ब्रेक दाबला आणि सवयीने हात हलवला. इस्त्रीवाला हसला, पायडल मारून बसच्या तोंडापुढून निघाला. बसच्या मागे खोळंबून कंटाळलेली एक मोटार त्याच वेळी उजवीकडून सुसाट पुढे आली.

दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता. कपडे रस्ताभर पसरले होते. लोकांनी ते गोळा केले आणि, काय करावं हे न सुचल्यामुळे असेल, घड्या घालून दुकानात नेऊन दिले. त्यात माझाही एक सदरा होता.

चौकशी झाली. बस थांबलेली होती का? होती. मोटार बाजूने घुसली का? घुसली. मामावर काही ठपका आला नाही. मोटारवाल्यावर खटला उभा राहिला. हाताबद्दल कुणी विचारलं नाही.

त्यानंतर मामाचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच राहू लागले. बस थांबवायचा, पण नजर समोर. कडेची माणसं वाट बघून कंटाळायची. मुलं मला विचारायची, "मामा आमच्यावर रागावलेत का?"

एका दुपारी तो माझ्याकडे आला. माझ्या खोलीत तो पहिल्यांदाच बसत होता. मी दिलेला पाण्याचा पेला त्याने नुसता हातात धरला.

"काका, सगळे म्हणतात तुझी काही चूक नाही. साहेब म्हणतात, बायको म्हणते, कंडक्टर म्हणतो. मग त्याने रस्त्याकडे का नाही बघितलं? तो माझ्याकडे बघत होता. माझ्या हाताकडे. माझा हात हलला आणि त्याचं बघायचं राहून गेलं. मी पण आरशात कुठे बघितलं? मोटारवाल्याचा गुन्हा आहेच, तो काही मी माझ्यावर घेत नाही. पण माझा म्हणून काही वाटा असेल ना? तो कुणीतरी मला द्यावा की नाही?"

पाणी न पिताच त्याने पेला खाली ठेवला. तो म्हणाला, "इस्त्रीवालीला सांगायचंय. एकट्याने जायची छाती होत नाही. येता का?"

आम्ही गेलो. ती इस्त्री करत होती. मामाने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तिने इस्त्री थांबवली नाही.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "थांब्यावरच्या लोकांनी त्याच दिवशी सांगितलं. तुम्ही कधी येताय तेच बघत होते, भाऊ."

मामाने मान खाली घातली.

"त्या दिवशी कपडे जास्त होते. दोन फेऱ्या करतो म्हणाला. मीच म्हटलं, कशाला, एकदाच जा. मीच लादले ते दांड्यावर. उजवीकडचं त्याला काही दिसत नव्हतं. हे मी कुणाला सांगू?" तिने इस्त्रीखालचा सदरा उलटा केला. "आणि तोही काय लहान होता? जरा वाकून बघायला काय झालं होतं त्याला?"

"माझं काय ते सांगा, ताई," मामा म्हणाला.

"मला सांगून तुम्ही हलके व्हाल, मी नाही होणार. सांगायचं असेल तर जिथे लिहून घेतात तिथे सांगा."

बाहेर आल्यावर मामा मला म्हणाला, "बरोबर बोलली." इतकंच.

त्याने खरंच जाऊन सांगितलं. आधी डेपोत. तिथले साहेब म्हणाले, मिटलेलं कशाला उकरतोस. मग तो कोर्टात बोलला. मोटारवाल्याच्या वकिलाला आयतंच सापडलं. ड्रायव्हरने बोलावलं म्हणून सायकलवाला पुढे आला, माझ्या अशिलाला तो कसा दिसणार, असं त्याने घोळून घोळून मांडलं. मोटारवाल्याची शिक्षा बरीच कमी झाली. मामाची बस गेली. डेपोत बस मागे घेताना हाताने इशारे देणारा माणूस लागतो, ते काम त्याला देऊ केलं होतं. त्याने नको म्हटलं आणि बस धुण्याचं काम मागून घेतलं.

"गप्प बसायला काय जात होतं यांचं?" त्याची बायको जिन्यात मला म्हणाली. "मोटारवाला सुटल्यासारखाच झाला आणि हे अडकले. काका, तुम्ही तरी अडवायचं." इस्त्रीवालीला हा निकाल कसा वाटला असेल, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. मामाचे कपडे ती पूर्वीसारखेच घ्यायची आणि इस्त्री करून द्यायची. बोलायची मात्र नाही.

तो बस धुताना गेला. पाण्याची नळी हातात होती, तसाच खाली बसला म्हणे. घरी आणला तेव्हा इस्त्रीवाली आली. त्याचा एक गणवेश तिच्याकडे राहिला होता. कडक इस्त्री केलेला. तो तिने त्याच्या बायकोच्या हातात दिला आणि ती गेली. तिने त्याला माफ केलं होतं का, मी सांगू शकत नाही.

आदल्या दिवशी सकाळी आमची फाटकात गाठ पडली होती. मी सायकल काढत होतो, तो डबा घेऊन निघाला होता. तो पुढे जाऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिला, जुन्या सवयीने. मी आतून विचारलं, "काय मामा, मोकळं आहे का?"

त्याने दोन्हीकडे बघितलं. मग डबा धरलेला हात आणि मोकळा हात, दोन्ही पाठीमागे घेतले.

"तुम्हीच बघा, काका."

"बघतो," मी म्हणालो.