कूलरवरचं कृष्णकमळ

कृष्णकमळाची फांदी सिल्लोडच्या वन्संनी, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेनं दिली आणि देतानाच म्हणाल्या, "लाव हौसेनं, पण तुझ्याकडं फुलायचं नाय ते. तुझ्या हाताला गुणच नाय." झालं! उस्मानपुऱ्यातल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत मी कुंडी ठेवली आणि हट्टाला पेटले. तांदळाचं धुवण, चहाचा चोथा, उरेल ते कुंडीत. वेल अशी माजली की पडदेसुद्धा गुंडाळले, पण कळीचं नाव नाही. वन्संचा फोन आला की पहिला प्रश्न, "आलं का गं फूल?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

यंदा ऊन तापायला लागलं तसे आमचे हे कूलरमध्ये नवं गवत भरायला गेले आणि ओरडलेच. खिडकीबाहेरच्या कूलरला वेलीनं असं जखडलं होतं की जाळ्या निघेनात. ह्यांनी कात्री मागितली. ती द्यायला गेले, तर जाळीच्या फटीतून एक टपोरी कळी बाहेर आलेली!

"खबरदार!" मी म्हटलं. "ही कळी फुलेपर्यंत कूलर लागणार नाही."

"अगं, माणसं उकडून मरतील!"

"मरू द्या."

मग काय, हे डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसायचे आणि येईल त्याला माझी गाऱ्हाणी सांगायचे. मलाही घामोळं आलं होतं, पण मी कशाला बोलते!

एका सकाळी फुललं एकदाचं. पण मेल्यानं तोंड केलं रस्त्याकडं! घरातून दिसायची फक्त पाठ. मी तरातरा खाली गेले, फोटो काढला आणि वन्संना पाठवला. लगेच फोन.

"राहील का गं उद्यापर्यंत?"

"छे, संध्याकाळी मिटतं."

"मग आलेच."

आणि मिळेल त्या गाडीनं, भर उन्हात आल्या की हो! आम्ही दोघी रस्त्यात उभ्या राहून वर बघत होतो. मी चांगला झणझणीत टोमणा तयार ठेवला होता. वन्सं पदरानं घाम पुसत हळूच म्हणाल्या, "माझ्याकडं वेल लई पसरलीय गं, पण फूल कधी आलंच नाय. आज पहिल्यांदा बघतेय."

टोमणा राहिला बाजूला. मला त्यांची एकदम माया आली.

तेवढ्यात हे खिडकीतून ओरडले, "बघितलं ना? आता कापतो आणि कूलर लावतो!"

"हात लावून तर बघ!" वन्संनी खालूनच दम भरला. "बाजूला दुसरी कळी दिसतीय मला."