दारांखालचा पत्रा

नवरा, क्लिफर्ड, गेल्यावर ऑड्रीने त्याचे कपडे दोन आठवड्यांत देऊन टाकले, पण मॉरिस विकली नाही. फिकट निळी, सहासष्ट सालची ती गाडी यॉर्कशरमधल्या त्यांच्या चढणीच्या गल्लीतून दुरुस्तीसाठी कधी बाहेर गेलीच नव्हती. "यात अवघड काय? चार पाने, एक हातोडी आणि धीर," असं क्लिफर्ड म्हणायचा.

एकाहत्तराव्या वर्षी ऑड्रीने त्याची तेलकट वही उघडली. प्लग घासले. कार्बोरेटर धुतला, उलटा बसवला, पुन्हा काढला. तिसऱ्या दिवशी इंजिन खोकलं आणि सुरू झालं. आवाज ऐकून शेजारचा डेनिस धावत आला. त्याची वेल्डिंगची शेड होती.

"अगं बाई! मला वाटलं क्लिफच परत आला."

"आता ब्रेक," ऑड्री हसत म्हणाली.

चाक काढायला तिने जॅक लावला. गाडी उचलली गेलीच नाही. जॅकच कर्रकन दारांखालच्या पत्र्यात घुसला. डेनिसने वाकून स्क्रूड्रायव्हर टोचला. रंगाचा पापुद्रा पडला, त्यामागे भोकं बुजवायच्या लांबीचा जाड थर, आणि आत ओल्या वर्तमानपत्राचे बोळे.

"हे वेल्डिंग नाही गं. गाडीचा सगळा भार इथं असतो, आणि इथं नुसतं बुजवून रंगवलंय."

"क्लिफने? काहीतरीच बोलू नकोस. दुसऱ्याच्या गाडीत असं दिसलं तर शिव्या घालायचा तो."

तिने एक बोळा उलगडला. तारीख वाचता येत होती. अकरा वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर.

तो नोव्हेंबर तिला आठवला. क्लिफर्ड तीन आठवडे घरामागच्या आपल्या शेडचं दार लावून बसला होता. तिने बाहेरून ओरडून विचारलं होतं, "एक पत्रा जोडायला एवढे दिवस? आळशी झालायस नुसता!" तो म्हणाला होता, "झालंच गं." कंपवाताचं नाव डॉक्टरांनी घेतलं ते त्यानंतर पाच वर्षांनी. हात आत्ताच थरथरायला लागलाय, असं त्याने तेव्हा सांगितलं आणि तिने ते खरं मानलं.

"तेव्हाच माझ्याकडे आणली असती तर दोन दिवसांचं काम होतं," डेनिस पुटपुटला.

"तुला त्याचे हात दिसले असते. तू मला सांगितलं असतंस."

डेनिसने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "सांगितलं असतं," तो म्हणाला.

"नात मागे बसायची रे आमची!" ऑड्रीने हातातला पाना भिंतीवर फेकला आणि तिथंच जमिनीवर बसली. "पाच वर्षं एकटाच घाबरत राहिला. आणि मी त्याला आळशी म्हणत होते."

डेनिसने सगळी गाडी खालून तपासली. इंजिन उत्तम होतं, पण तळ उरलाच नव्हता. "घरी होणारं काम नाही हे. माझ्याच्यानंही नाही होणार." इंजिन त्याने जवळच्या हॅलिफॅक्सच्या एका माणसासाठी उतरवून घेतलं.

गुरुवारी भंगारवाल्याचा ट्रक आला. ऑड्रीने त्याला थांबवलं आणि पत्र्यातला सगळा कागद हाताने खरवडून बादलीत काढला. नखांत गंज गेला. पलीकडच्या बाजूला, रंग उडालेल्या लांबीत, क्लिफर्डच्या बोटांचे ठसे होते. एकही नीट उमटलेला नव्हता, सगळे घसरलेले, फरफटलेले. तिने त्यांवर आपलं बोट ठेवलं.

"चला बाई, मला अजून दोन गाड्या उचलायच्यात," ड्रायव्हर म्हणाला.

ती बाजूला झाली.