मधल्या थरातलं पाणी

बाटलीमामांना प्यायला पाणी दिलं की ते आधी विचारायचे, "कुठलं?" चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे हे तंजावरी मराठी मामा. नोकरीभर संशोधनाच्या जहाजावर निरनिराळ्या खोलीवरचं पाणी त्यांनी बाटल्यांत भरलं. आपल्या बंगालच्या उपसागराचं वरचं पाणी कोमट, नद्यांमुळे कमी खारट. त्याखाली उष्णता झपाट्याने उतरते, आणि त्या मधल्या थरात अरबी समुद्राचं खारट पाणी लंकेला वळसा घालून येतं. "तुमच्या रत्नागिरीचं पाणी, कण्णु," ते मला लाडाने चिडवायचे. "तुमच्या आधी आलंय. तिकीट न काढता."

चेन्नईजवळच्या कोवलमला कोळ्यांची जाळी रिकामी येऊ लागली तेव्हा मी पत्रक लिहिलं: कारखान्याच्या सांडपाण्याने मासे मारले. मामांनी ते वाचून घडी घातली. "मधल्या थरातलं पाणी वर आलं तरी मासे जातात. त्यात प्राणवायू कमी. सांडपाणी गोडं, ते पाणी खारट. मोज, मग बोल." कारखान्याविरुद्धच्या तक्रारीची सुनावणी जवळ आली होती. पुरावा मिळाला तरच कारखान्याचं पाणी थांबणार होतं. मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून कोवलमचे कोळी मुरुगन अण्णा यांच्या होडीतून बाटली भरून मी आणली.

त्यांच्या जुन्या ऑफिसातल्या यंत्रावर खारटपणा कमी भरला. म्हणजे सांडपाणीच, म्हणत मी आकडा लिहून घेतला. मामांनी विचारलं, "बाटली कशी खंगाळलीस?"

"घरी, नळाखाली. चकाचक."

"जे पाणी भरायचं, त्याच पाण्याने तीनदा खंगाळतात. आत नळाचे थेंब राहिले असतील."

"चार थेंबांनी काय होतं, मामा?"

"तेवढाच फरक तर आपण मोजतो."

"आकडा आपल्या बाजूचा आहे."

"तुझ्या नळाच्या बाजूचाही असेल." मग हळूच म्हणाले, "चूक माझी. हे सांगावं लागतं, हेच मी विसरलो."

त्यांनी अहवालावर सही केली नाही. मी म्हणाले, तुमच्या सचोटीने तिथे कुणाची चूल पेटत नाही. "सरि, बरोबर," ते म्हणाले. "नाही पेटत."

पुढे चार दिवस समुद्र खवळलेला. पुन्हा बाटली भरायला होडी निघाली तोवर प्रवाह सरकला होता. बाटलीत नेहमीचंच पाणी आलं. सुनावणीत साहेबांनी पुरावा मागितला. पहिला आकडा माझ्या पर्समध्ये होता. मी तो वाचून दाखवला नाही. का, ते तेव्हा मलाच कळलं नाही. मामांचा राग मात्र फार आला.

मार्गळी महिन्यात, डिसेंबरअखेर मामा वारले. मुरुगन अण्णा कोवलमहून नाही, सिरुसेरीच्या आयटी पार्कहून आले, रखवालदाराच्या गणवेशात. होडी विकली होती. हार ठेवून त्यांनी मला जिन्यात गाठलं. "पापा, पोरी, ते पाणी नक्की कुणाचं होतं? कारखान्याचं, की खालचं?"

मी वरच्या पायरीवर उभी होते. कुणाचं तरी नाव घेऊन ओरडता आलं असतं तर फार बरं वाटलं असतं.

"माहीत नाही, अण्णा."

त्यांनी मान हलवली. ड्यूटीला उशीर होतोय म्हणाले आणि बससाठी निघाले.