वीस किलोच्या आतलं लेकरू

“सर, लेकराच्या खिशातले दगड काढा आधी!”

काटेवाले काका भोंग्यातून ओरडत होते. भोंगा असा, की त्यात नुसतं खाकरलं तरी अर्धापूरच्या बागांत केळीचे घड हलतात. काका बसले होते आमच्यापासून पंधरा पावलांवर, आपल्या केबिनच्या खिडकीत. साध्या आवाजात बोलले असते तरी ऐकू आलं असतं. पण ज्याच्या हाताशी भोंगा असतो तो साध्या आवाजात बोलत नाही, हे मी शाळेत शिक्षक असल्यामुळं स्वानुभवावरून सांगतो.

ट्रकचं वजन करायच्या काट्यावर, त्या लांबलचक लोखंडी पत्र्याच्या बरोबर मधोमध, माझी पाच वर्षांची लेक उभी होती. अंगात माझं जाकीट, ते तिच्या घोट्यापर्यंत आलेलं. पायात माझे बूट. जाकिटाच्या दोन्ही खिशांत गोदावरीचे गोटे, मागच्या रविवारी स्वतः निवडून आणलेले. एवढं लादल्यावर तिला हलताही येत नव्हतं, पण चेहरा असा उजळला होता, की जणू तिला घोड्यावर बसवून नांदेडभर मिरवलंय. कारण समोरच्या पाटीवर लाल आकडे पेटले होते. वीस.

आणि मागं एक केळीचा ट्रक येऊन थांबला होता. ड्रायव्हर खाली उतरून, कमरेवर हात ठेवून बघत होता.

हा प्रकार इथवर कसा आला, ते सांगतो.

आमचा रविवार ठरलेला असतो. लोक लेकरं घेऊन हैदराबादला जातात, पुण्याला जातात. आम्ही स्कूटरवर बसून जेवायच्या वेळेपर्यंत परत येता येईल एवढंच लांब जातो. फर्निचरच्या दुकानात जाऊन एकेका सोफ्यावर पाच-पाच मिनिटं बसतो आणि ‘विचार करून सांगतो’ म्हणून उठतो. एका दुकानात आम्ही इतके रविवार विचार केला, की मालक आम्हाला गिऱ्हाइकांना दाखवायला लागला: कुटुंब बसल्यावर सोफा कसा दिसतो ते बघा म्हणून. कधी रेल्वे फाटकावर जाऊन मालगाडीचे डबे मोजतो. एक गाडी इतकी लांब होती, की इंजिन किनवटच्या जंगलात शिरलं तरी शेवटचा डबा आमच्यापुढं आला नव्हता. लेक मोजता मोजता माझ्या खांद्यावर झोपली, उठली आणि पुढचा आकडा बोलली. माझी सासुरवाडी लातूरची. तिकडचे पाहुणे आले की त्यांना विष्णुपुरीच्या धरणावर नेतो. ज्या गावाला एके काळी रेल्वेनं पाणी आणून पाजावं लागलं, तिथली माणसं धरणाकडं अशी बघतात की आपल्याला त्या पाण्याचं श्रेय घ्यावंसं वाटतं. मी घेतोही.

काटा सापडला तो स्कूटरच्या चाकात हवा भरायला गेलो तेव्हा. रविवारी मोंढा बंद, त्यामुळं सोयाबीनच्या गाड्या नाहीत, आणि काका केबिनमध्ये बसून माशांची हजेरी घेत होते. त्यांनीच आम्हाला काट्यावर यायचं आमंत्रण दिलं. आम्ही तिघं स्कूटरसकट चढलो, पाटीवर आकडा पेटला, लेकीनं टाळ्या वाजवल्या आणि आमच्या रविवारांना एक तीर्थक्षेत्र मिळालं. काका पैसे घेत नसत. त्यांना माझ्या बायकोचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी चालायची. बायको मात्र काट्यावर कायम स्कूटरसकटच चढली. त्या आकड्यात स्कूटर किती आणि ती किती, हे तिनं आजपर्यंत काट्याला कळू दिलेलं नाही.

सगळं मजेत चाललं होतं. मग दिवाळीला लातूरहून माझ्या मेहुण्याची पोरगी आली. माझ्या लेकीहून दीड वर्षानं मोठी, अंगानं भरलेली आणि स्वभावानं तहसीलदार. तिला काटा दाखवायला नेलं. ती चपला काढून, देवळात जावं तशी पत्र्यावर गेली आणि एकटी उभी राहिली. पाटीवर वीस. काकांनी खूश होऊन तिला छापील पावती दिली. मग माझी लेक पळत जाऊन उभी राहिली.

पाटीवर शून्य.

तिनं उडी मारली. शून्य. पत्र्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली, तिथंही शून्यच. काकांनी समजावून सांगितलं, की हा काटा जुना आहे, ट्रकसाठी आहे, तो वीस-वीस किलोंनीच बोलतो. वीस, चाळीस, साठ. वीसच्या आतलं काही असलं तर तो हिशेबात धरत नाही. माझी लेक साडेचौदा किलोंची. लातूरची पोरगी पाटीखाली उभी राहून हे सगळं नीट ऐकत होती. तिच्या बोलण्यात दुष्टपणा अजिबात नव्हता, फक्त एक शासकीय माहिती द्यावी तसं ती म्हणाली, “तू काट्याला दिसतच नाहीस गं.”

परत येताना स्कूटरवर पुढं उभी असलेली माझी बडबडी लेक आयटीआयच्या चौकापर्यंत गप्प होती. तिथं सिग्नल लाल झाला. तिनं मान वर करून त्या दिव्याकडं बघितलं आणि मला हळूच विचारलं, “पप्पा, त्याला मी दिसायलेय का?”

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात एकच काम राहिलं: पोरीला काट्यावर आणणं. बायको अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे. तालुक्यातल्या लेकरांची वजनं बघणं हा तिचा धंदा. तिनं लेकीला घरच्या काट्यावर उभं केलं, तक्ता दाखवला, तू हिरव्या रेघेत आहेस, तुझं सगळं चांगलं आहे, असं सांगितलं. लेकीनं घरच्या काट्याकडं तुच्छतेनं बघितलं. त्याच्यावर भेंडीसुद्धा दिसते, म्हणाली. तिला मोठ्या काट्याला दिसायचं होतं, आणि तशी पावती हवी होती. लातूरच्या पोरीनं आपली पावती तिकडं कपाटाच्या आरशाला चिकटवली होती आणि दर रविवारी संध्याकाळी लातूरहून फोन यायचा, “दिसलीस का?” असं विचारायला.

मी केळी सुरू केली. सकाळी दोन, शाळेच्या डब्यात दोन, संध्याकाळी शिकरण. अर्धापूरचा केळीवाला मला गल्लीच्या तोंडाशी बघून घड उतरवायला लागायचा. पुढं पुढं त्यानं आमच्या नावानं वेगळी बाग लावायचं मनावर घेतलं होतं, असं मी ऐकून आहे. दोन महिन्यांत घरच्या काट्यावर माझं वजन अडीच किलोंनी वाढलं. उरलेली केळी टाकवत नाहीत ना. लेक साडेचौदालाच. ती खायची आणि पळायची. पळून झालं की पुन्हा खायची. काट्यावर शून्य यायचं, आणि संध्याकाळी फोन यायचा.

म्हणून मग जाकीट, बूट आणि गोटे. बुद्धी तिची. मी फक्त खिसे शिवून मजबूत केले.

तर पाटीवर वीस पेटलं होतं आणि काका भोंग्यातून दगड काढा म्हणत होते. मी केबिनपाशी जाऊन हळू आवाजात विनवलं, की काका, लेकराचं मन आहे, एक पावती मारून टाका. काकांनी कानाला हात लावला. पंचवीस वर्षं ह्या काट्यावर बसलोय, म्हणाले, इथं भले भले व्यापारी आले, पण खोटी पावती निघाली नाही. तरी पोरीच्या तोंडाकडं बघून त्यांनी एक कबूल केलं: जे ट्रकला तेच तिला. आधी भरलेली गाडी काट्यावर. मग माल उतरवायचा आणि रिकामी गाडी काट्यावर. दोन्ही आकडे खरे, पावती खरी.

भरलेली गाडी वीस होतीच. लेकीनं जाकीट उतरवलं, बूट उतरवले, गोटे एकेक करून काठावर मांडले आणि फ्रॉकवर, अनवाणी, ताठ उभी राहिली.

शून्य.

काकांनी नियमाप्रमाणं वाचून दाखवलं, तेही भोंग्यातून, म्हणजे पार हायवेपर्यंत: भरलेली गाडी वीस, रिकामी गाडी शून्य, माल वीस किलो.

म्हणजे वीस किलो नुसते दगडच. पोरगी नाहीच.

ती रडली नाही. तिथंच, काट्याच्या मधोमध, मांडी घालून बसली आणि म्हणाली, मी उठणार नाही. मी लाडीगोडी लावली, बर्फाच्या गोळ्याचं आमिष दाखवलं, शेवटी शाळेत वापरतो तो आवाज काढला. त्याचा शाळेत होतो तेवढाच परिणाम झाला. मागं केळीचा ट्रक उभा. ड्रायव्हरला माल घेऊन दिल्ली गाठायची होती. तो म्हणाला, साहेब, केळी पिकून राहिली. मी म्हटलं, पिकू द्या. तोवर त्या ट्रकमधली केळी पिकून, माकडं येऊन, खाऊन गेली असती एवढा वेळ गेला, असं मी सांगणार होतो. पण बायको हे वाचणार आहे. दहा मिनिटं गेली असतील.

बायको केबिनच्या सावलीत डबा उघडून बसली होती. धपाट्याचा तुकडा मोडत ती काकांना म्हणाली, “तिला गाडी कशाला धरायलाव? तिला माल धरा. गाडी हे आहेत.”

आणि धपाट्यानंच माझ्याकडं खूण केली.

काकांनी डोळे मिटून विचार केला. मग पंचवीस वर्षांची सगळी इमानदारी गोळा करून मान डोलावली. गाडी रिकामी यायची, माल घेऊन यायची, दोन्ही वजनं घ्यायची, उरेल तो माल. ह्यात खोटं काहीच नव्हतं.

मी काट्यावर चढलो. लेकीला उठवून काठावर ड्रायव्हरजवळ उभं केलं. पाटीवर ऐंशी पेटलं आणि काकांनी रिकामी गाडी ऐंशी असं जाहीर केलं. घरच्या काट्यावर मी साडेपंच्याऐंशी आहे, पण वरचे साडेपाच ह्या काट्याला दिसत नाहीत. एवढ्याचसाठी मला तो काटा आवडतो.

मग ड्रायव्हरनं लेकीला उचलून माझ्या खांद्यावर ठेवलं. तिनं माझे केस धरले. मी पाटीकडं बघितलं.

ऐंशी.

साडेपंच्याऐंशी आणि साडेचौदा, बरोबर शंभर. काठावरचा हिशेब. आकडा ऐंशीवरून शंभरवर जायचा, तिथं टिकायचा नाही, परत ऐंशी. ड्रायव्हर धावत जाऊन ट्रकचं इंजिन बंद करून आला, का तर पत्रा थरथरतो म्हणून. काकांनी केबिनमधला पंखा बंद केला. तो आमच्या दिशेनं नव्हताच, पण त्यांना तेवढंच करता येत होतं. माझ्या डोक्यावरून आवाज आला, “पप्पा, जड व्हा ना.”

आयुष्यात असं मला कुणी म्हटलं नव्हतं. मी जड व्हायचा प्रयत्न केला. श्वास आत ओढला, पोट पुढं काढलं, डोक्यात निवडणुकीची ड्यूटी आणली. ऐंशी. शंभर. ऐंशी. तेवढ्यात बायको उठली, चालत काट्याच्या काठाशी आली, पत्र्यावर पाय पडणार नाही ह्याची पूर्ण काळजी घेत हात लांब केला आणि एक अख्खं धपाटं माझ्या तोंडात कोंबलं.

शंभर.

शंभरच. हललं नाही. मी चावलं नाही, गिळलं नाही, तसाच उभा राहिलो. काकांनी यंत्राचं बटण दाबलं, कर्र कर्र करत कागद बाहेर आला आणि काकांनी तो भोंग्यातून असा वाचला की बिलोलीच्या सीमेपलीकडं तेलंगणातसुद्धा ऐकू गेलं असेल. गाडी: पप्पा. रिकामी ऐंशी, भरलेली शंभर. माल: मुलगी. निव्वळ वजन वीस किलो. धपाट्याचं कुणी काही बोललं नाही. काकांनी त्या दिवशी त्याच्याकडं बघायचं टाळलं, आणि त्यांच्या पंचवीस वर्षांत तेवढंच झालं असेल तर झालं असेल.

ड्रायव्हरनं लेकीला केळ्याची एक फणी दिली. मी ती तिथंच त्याला परत दिली.

पावती लेकीनं स्कूटरवर दोन्ही हातांत धरून आणली. आयटीआयच्या चौकात सिग्नल लागला तेव्हा तिनं ती उलगडून लाल दिव्याला दाखवली. शेजारच्या रिक्षावाल्यालाही दाखवली. घरी पोचल्यावर जेवायच्याही आधी फोन लावायला लावला. दर रविवारी तिकडून फोन यायचा, आज पहिल्यांदा इकडून गेला. स्पीकर चालू केला, बायको ताट वाढायची थांबली, लेकीनं पावती डोळ्यांपुढं धरली आणि भोंग्याच्या आवाजात सांगितलं, “मी दिसले. काट्याला मी वीस दिसले. पावती हाय माझ्याकडं.”

तिकडून ती लातूरची पोरगी म्हणाली, “आम्ही आता उंची मोजायलोत.”